मु. मा.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सहाय्यकांना खरं नाव होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही होतं, पण एकतीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. सगळं कॉलेज त्यांना बरणीकाका म्हणायचं. दिसेल ते बरणीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि वर चिठ्ठी डकवायची, हा त्यांचा खाक्या. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. शुद्धलेखनाच्या नावानं मात्र आनंदीआनंद. ऱ्हस्व आणि दीर्घ हे त्यांच्या लेखी एकाच अक्षराचे दोन सदरे होते, हाताला लागेल तो चढवायचा.

आणि घरी त्यांची थोरली बहीण. तिला ते ताई म्हणायचे, म्हणून हळूहळू अख्खी इमारतच तिला ताई म्हणायला लागली. ताईनं चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती धाकट्या भावाकडे राहायला आली. काकांची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, घरात खोल्या तीन आणि माणूस एक. ताई आली ते काकांना बरंच वाटलं. पहिल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या तांबड्या शाईनं दुरुस्त केल्या, तेव्हा थोडं कमी बरं वाटलं.

तर घोटाळा झाला तो मातीवरून.

कॉलेजच्या मागं, बसडेपोच्या कुंपणाला लागून, पूर्वी एक मोकळं पटांगण होतं. तिथं दर पावसाळ्यात वीतभर पाण्याचं तळं साठायचं आणि दीड-दोन महिन्यांत आटून जायचं. तळं म्हणणं म्हणजे त्याला उगाच मान देणं झालं, डेपोचे ड्रायव्हर त्याला डबकंच म्हणायचे. पण त्या डबक्यात ढाल्या राहायचा. त्याचं शास्त्रीय नाव जिभेची गाठ बसवणारं, म्हणून प्रयोगशाळेत मोठमोठे प्राध्यापकसुद्धा ढाल्याच म्हणायचे. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला प्राणी. पाठीवर ढालीसारखं कवच, मागं दोन धाग्यांची शेपटी, पोटाखाली साठ-सत्तर पाय अखंड हलत असलेले आणि दोन डोळ्यांच्या जोडीला तिसरा डोळा. डायनासोर यायच्या आधीपासून यानं आपलं रूप फारसं बदललेलं नाही. बदलायची गरजच पडली नसावी.

मोठ्या तळ्यात मासे त्याला खाऊन टाकतात, म्हणून हा गडी आटणाऱ्या पाण्यातच संसार मांडतो. पाणी आलं की दोन दिवसांत अंड्यातून बाहेर, दोन-तीन आठवड्यांत वयात. मिळेल ते खायचं, वेळ पडली तर भाऊबंदही सोडायचे नाहीत, अंडी घालायची आणि पाण्याबरोबर आपणही संपायचं. अंडी तेवढी कोरड्या मातीत पडून राहतात. वर्षभर, पाच वर्षं, कधी वीस वर्षंसुद्धा. दिसायला मातीचाच एक कण.

सहा वर्षांपूर्वी डेपोनं ते पटांगण फरसबंद करायला घेतलं. आदल्या दिवशी काकांनी रजा टाकली, केरसुणी आणि सुपली घेतली आणि भेगाळलेल्या तळाची वरची बोटभर माती गोळा करत दिवसभर उन्हात उकिडवे बसले. कुंपणापलीकडून ड्रायव्हर विचारायचे, "काका, काही हरवलं का?" ती माती त्यांनी चाळली. बरीचशी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. पण अगदी वरच्या थरातली, जिच्यात सगळ्यात जास्त अंडी असणार ती, त्यांनी वेगळ्या काचेच्या बरणीत भरली. तीच खरी पुंजी. एकतीस वर्षांत त्या कॉलेजात काकांनी शेकडो बरण्या भरल्या, पण त्या दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. ही एकच त्यांनी आपल्या मनानं भरलेली.

गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेला रंग काढायला घेतला. रंगारी हाताला लागेल ती बरणी उचलून जिन्यात मांडायला लागले, तेव्हा काका धावले. त्यांनी ती बरणी पिशवीत घालून घरी आणली आणि न्हाणीघराबाहेरच्या फळीवर ठेवली. सुरक्षित ठिकाणी. बरणीवर चिठ्ठी होती, "मु. मा. वरचा थर, चाळलेली."

यंदा त्या मातीचं नशीब उघडायची वेळ आली होती. विभागप्रमुख मॅडम वयानं काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि स्वभावानं चिवट. डेपोच्या पलीकडे नवी सार्वजनिक बाग होत होती. मॅडम बागेच्या इंजिनिअरांच्या मागं सहा महिने हात धुऊन लागल्या होत्या की बागेच्या कोपऱ्यात एक उथळ खळगा तसाच सोडा, पावसाळ्यात भरू दे, नंतर आटू दे, आम्ही त्यात ही माती टाकतो. इंजिनिअर माणूस सरळ होता. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, खळगा सोडतो. पण आधी मला जिवंत प्राणी दाखवा. सहा वर्षं कपाटात पडलेल्या मातीसाठी मी बागेत डबकं ठेवलं, तर लोक मला वेड्यात काढतील. शुक्रवारी नकाशावर शेवटची सही आहे. तोवर दिसला तर खळगा, नाही तर फरशी."

मॅडमनी कपाटातली माती काचेच्या चार टाक्यांत पसरली, वर पिण्याच्या पाण्याच्या कूलरचं गाळलेलं स्वच्छ पाणी ओतलं, दिवे लावले. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. टाक्यांत गढूळ पाणी होतं आणि गढूळ पाणीच होतं. सोमवारी संध्याकाळी मॅडम स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे चोळायला लागल्या.

"काका, मेली असेल का हो माती?"

"माती कशी मरेल मॅडम?" काका म्हणाले, पण त्यांनाही तीच धास्ती होती.

"तुमच्याकडे ती घरची बरणी आहे ना? वरच्या थराची?"

"आहे की. फळीवर आहे. उद्या सकाळी आणतो."

"मग मी निश्चिंत," मॅडम म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

घरी आल्यावर काकांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, थेट फळीकडे गेले. फळीवर तेलाची बाटली होती, कंगवा होता. बरणी नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्यावर सापडली. स्वच्छ घासलेली, फडक्यावर पालथी घातलेली.

"ताई," काकांनी बरणी उलटून आत पाहिलं. "या बरणीतली माती कुठंय?"

"संपली," ताई खोलीतूनच म्हणाली. "गुरुवारीच संपली. कुठून आणली होतीस रे? आणखी आण. छान आहे."

"संपली म्हणजे?"

"तोंडाला लावली."

काकांना ऐकू आलं, पण समजलं नाही. "कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या!" ताई दारात येऊन उभी राहिली. "तीन आठवडे झाले. दर सोमवारी आणि गुरुवारी. खालच्या शिंपीणबाई परवा म्हणाल्या, ताई, दहा वर्षांनी लहान दिसताय. तुला काही दिसेल तर शपथ."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा खरंच तुकतुकीत झाला होता. सत्तरीच्या बाईच्या गालांवर असं तेज काकांनी कधी पाहिलं नव्हतं आणि ते कुणाच्या जिवावर आलं होतं, हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं.

"चिठ्ठी वाचली नाहीस?"

"वाचली म्हणून तर लावली! मु. मा. म्हणजे मुलतानी माती. पुढं लिहिलंयस, चाळलेली. कुंडीत घालायची माती कोण चाळून काचेच्या बरणीत ठेवतं?"

"मूळ माती!" काका ओरडले. "मु. मा. म्हणजे मूळ माती!"

ताईनं बरणी उचलली, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "मूळ दीर्घ असतं. मू. तू ऱ्हस्व लिहिलंयस. ऱ्हस्व मु म्हणजे मुलतानी, मुकुट, मुद्रा. मूळ होतच नाही यातून. चाळीस वर्षं मी हेच केलं, मला शिकवतोस?"

"ऱ्हस्व असो नाही तर दीर्घ असो..."

"असो कसं? नीट लिहिलं असतंस तर मी बोट लावलं असतं का?"

हे खरं होतं आणि खरं असल्यामुळेच काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं, ते ऊन, ती केरसुणी, मॅडमचं "मग मी निश्चिंत", सगळं एकदम डोक्यात गेलं. त्यांनी ताईला सगळं सांगितलं, पण सांगितलं म्हणजे तिच्यावर ओतलं. ढाल्या, खळगा, शुक्रवार. आणि शेवटी बोलू नये ते बोलून गेले.

"तू इथं आलीच नसतीस तर ती बरणी आज जागेवर असती."

ताईनं चष्मा काढला, घडी करून पदरात धरला आणि आपल्या खोलीत गेली. एवढ्या वर्षांत ताईनं एखाद्या वाक्यात दुरुस्ती सुचवली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मंगळवारी सकाळी काका कपडे करून खुर्चीवर बसले होते, पण पाय दाराकडे वळत नव्हते. मॅडमना काय सांगायचं, याची ते मनातल्या मनात उजळणी करत होते. मॅडम, माती पडली. मॅडम, माती चोरीला गेली. माती कोण चोरतं? मॅडम, माझ्या बहिणीनं ती तोंडाला लावली. यातलं प्रत्येक वाक्य एकापेक्षा एक वाईट होतं आणि सगळ्यात वाईट तेच खरं होतं. धुतलेली माती मोरीतून केव्हाच वाहून गेली असणार. त्यांना रडू येत होतं, पण साठीला आलेल्या माणसानं मातीसाठी रडायचं तरी कसं!

तेवढ्यात ताई बाहेर आली. हातात कपड्यांची बॅग.

"मी मामेबहिणीकडे जाते थोडे दिवस," ती म्हणाली. स्वर अगदी साधा. "रिक्षा बोलावलीय. जायच्या आधी एक काम आहे. गॅलरीतल्या टबातल्या झुरळांचं तू बघ. मला त्यांना हात लावायचा नाही."

"कुठली झुरळं?"

"शनिवारी सांगितलं नव्हतं का? टबात झुरळं पडतात आणि मरत नाहीत, चक्क पोहतात. तू पेपरातून मान वर न करता म्हणालास, फिनेल टाक."

काकांना आठवलं. असं ते म्हणाले होते खरे. टब म्हणजे नातीचा लहानपणचा आंघोळीचा निळा टब, तो आता गॅलरीत होता. ताईच्या खोलीतल्या एसीची नळी त्यात सोडलेली होती.

"ताई," काका हळूच म्हणाले, "तू तोंड कुठं धुतेस?"

"गॅलरीत. नळाच्या पाण्यानं केस राठ होतात, कातडी ओढते. एसीचं पाणी कसं मऊ असतं. त्यातच माती कालवायची, त्यानंच धुवायची, आणि गढूळ पाणी टबात. झाडांना चालतं."

"साबण?"

"माती लावल्यावर कुणी साबण लावतं का?"

काका उठले. गॅलरी सहा पावलांवर होती, ती त्यांनी चार पावलांत गाठली आणि ते टबाजवळ खालीच बसले. सकाळचं ऊन टबात तिरपं शिरलं होतं. पाणी चहाच्या रंगाचं, तळाशी बोटभर गाळ. नळीतून थेंब पडला, टप्प. त्याच्या वलयाखालून एक ढाल सरकत गेली.

मग दुसरी. मग गाळातून एक वर आली, उलटी झाली आणि पोट वर करून पाण्याच्या पृष्ठभागाशी पोहायला लागली, सगळे पाय एका लयीत हलत. अंगठ्याएवढी मोठी. काकांनी नाक पाण्याला लागेल इतकं वाकून पाहिलं. तीन डोळे होते. त्यांनी मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं. मोठे चौदा, आणि बारके तर मोजण्यापलीकडे. जीव भांड्यात पडणं म्हणजे नेमकं काय, ते काकांना त्या सकाळी शब्दशः कळलं.

मग एकदम त्यांना आठवलं. "ताई! फिनेल?"

"काय फिनेल?"

"टाकलंस का?"

"तू सांगितलंस खरं," ताई दारातून म्हणाली. "पण तुझं मी आजवर कधी ऐकलंय?"

काका हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, हसणंही थांबेना. ताई घाबरली. बॅग खाली ठेवून, गुडघे धरत तीही त्यांच्या शेजारी बसली. भाऊ बोटानं दाखवत होता तिकडे तिनं चष्मा लावून पाहिलं.

"ही झुरळं नाहीत?"

"नाहीत. हे ढाले आहेत. तुझ्या तोंडावरून आलेत."

"शी!" ताई म्हणाली. पण तिची नजर हलली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तरी म्हटलं, यंदा गॅलरीत डास कसे नाहीत."

"हेच खातात डासांची पिल्लं."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काका उठले, कठड्यावरून वाकून त्याला ओरडून सांगितलं की नको, जा, चूक झाली. कुणाची चूक, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही, आणि ताईलाही नाही. ते बोलायला जीभ रेटेना. त्यांनी बॅग उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवली, तेवढंच.

मॅडमना फोनवर त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, ऱ्हस्व मु सकट. मग मॅडमना जे हसू फुटलं ते त्यांना अर्ध्या तासानं जिने चढून वर येईपर्यंत आवरलेलं नव्हतं. टब पाहिल्यावर मात्र त्या हसायचं विसरल्या. बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"पाणी, काका! आपण कूलरचं पाणी घातलं. त्यातलं पाणी गाळायचं मशिन चवीसाठी पाण्यात क्षार घालतं. अंड्यांना काय वाटलं असेल? क्षार जास्त म्हणजे तळं आटत आलंय, आता बाहेर येण्यात अर्थ नाही. एसीच्या पाण्यात क्षार नसतातच, ते पावसासारखं. त्यांना वाटलं, पाऊस आला!"

"म्हणजे माझं बरोबर होतं," ताई म्हणाली.

"अगदी बरोबर होतं."

"नळाचं पाणी जड असतं, हे मी याला पहिल्या दिवसापासून सांगतेय."

त्याच दुपारी मॅडमनी प्राचार्यांच्या केबिनच्या एसीखाली बादल्या लावल्या. टाक्यांतलं जुनं पाणी काढून हे पाणी घातलं. प्राचार्यांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी एसी दोन अंशांनी आणखी खाली केला आणि दिवसभर कोट घालून बसले. गुरुवारी सकाळी टाक्यांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे पांढरे ठिपके उड्या मारत होते. पण इंजिनिअरांना ठिपके दाखवून भागणार नव्हतं. दाखवायचे तर टबातलेच. आणि टब हलवायचा नाही, असं काकांनी निक्षून सांगितलं. तेव्हा असं ठरलं की शुक्रवारी इंजिनिअरच घरी येतील.

ते अकराला आले. हातात नकाशाची सुरळी, बुटांवर बागेची माती. काकांनी त्यांना गॅलरीत नेलं, मॅडमनी टबाकडे हात केला, आणि टबात काहीही नव्हतं. स्थिर, तपकिरी पाणी. एवढ्या पावलांच्या हादऱ्यानं सगळे गाळात शिरून बसले होते.

एक मिनिट गेलं. दोन गेली. इंजिनिअर भले गृहस्थ, पण त्यांनीही एकदा घड्याळाकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "येतील," आणि मग पुन्हा, जरा हळू, "येतील."

"सरका," ताई मागून म्हणाली. तिच्या हातात उकडलेल्या बटाट्याची फोड होती. तिनं ती चिमटीत कुस्करली आणि पाण्यावर भुरभुरली. "मंगळवारपासून मीच घालतेय. यांना आता माझा हात कळतो." हात कळण्याइतकी अक्कल ढाल्याला नसते हे काकांना माहीत होतं, पण त्यांनी ब्र काढला नाही.

गाळ हलला. एक ढाल वर आली, उलटी झाली, पायांच्या झालरीनं बटाट्याचा कण ओढून घेतला. पाठोपाठ दुसरी, तिसरी, आणि मग सगळा टबच जिवंत झाला. इंजिनिअर आधी वाकले, मग गुडघ्यांवर आले, मग नकाशाची सुरळी बाजूला ठेवून त्यांनी चक्क फरशीवर मांडी घातली. चेहऱ्यावर इयत्ता चौथीतल्या मुलाचा भाव.

"याला तीन डोळे आहेत," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे आपल्या डेपोमागच्या डबक्यात होते? मी तिथून रोज जायचो!"

"तुमच्याही आधीपासून होते," काका म्हणाले.

"किती जगतात?"

"दीड-दोन महिने. मग पाणी आटतं, हे मरतात. अंडी मातीत राहतात. ही सहा वर्षं राहिली. बरणीत."

"आणि मग तुम्ही पाण्यात घातली?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी आकाशाकडे.

"नाही," ताई म्हणाली. "मी तोंडाला लावली."

इंजिनिअरांनी तिच्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. अधिक काही विचारण्यापेक्षा सही करणं सोपं, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी तिथंच फरशीवर नकाशा उलगडला, कोपऱ्यातल्या फरशीच्या चौकटीवर काट मारली, गोल काढला, आत लिहिलं "उथळ खळगा, भरू नये" आणि खाली सही केली. काकांना ती सही जरा पुसट दिसली. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. इतकं मोकळं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या दुपारी ते जेवून जे झोपले ते संध्याकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हाच उठले.

पुढचा महिना सोपा नव्हता. ढाले मोठे झाले, अंडी घातली, आणि मग एकेक करून मंदावले. मॅडमनी एसीची नळी टबातून काढून बादलीत सोडायला सांगितली, कारण आता पाणी आटायलाच हवं होतं. हे काकांना पुस्तकातून ठाऊक होतं, तरी रोज सकाळी त्यांचा हात तांब्याकडे जायचा. ताईच त्यांना अडवायची. "त्यांचं ते बघतील," ती म्हणायची, आणि स्वतः मात्र टबाशेजारी पाट टाकून दुपारभर बसून राहायची. शेवटचा ढाल्या एका रविवारी गेला. आठवड्यानं टब कोरडा ठाक पडला आणि तळाच्या गाळाला भेगा गेल्या.

त्या दिवशी मॅडम सकाळीच आल्या. काकांनी चमच्यानं हलकेच माती खरवडली, चाळली. एक मोठा वाटा बागेतल्या खळग्यासाठी पिशवीत भरला. उरलेली एका बरणीत गेली.

"ही आता कॉलेजात कुलपात ठेवू या का?" मॅडमनी विचारलं.

"ठेवा, ठेवा," ताई लगेच म्हणाली. "माझा काय भरवसा!" हसत म्हणाली, पण ते हसू काही खरं नव्हतं. काकांना ते लागलं. पाच आठवडे जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते एकट्यात कधीच बोलता आलं नसतं. मॅडम समोर होत्या म्हणून जमलं.

"नको मॅडम. ताईकडेच राहू दे," ते म्हणाले. "मी सहा वर्षं ही माती सांभाळली म्हणजे काय केलं? झाकण लावून ठेवलं. तिच्यातला जीव बाहेर आणला तो ताईनं." मग ते बहिणीकडे वळले. "ताई, त्या दिवशी मी नको ते बोललो. माझं चुकलं."

ताईनं बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि उगाचच फिरवून फिरवून पाहिली.

"वीस वर्षं राहते म्हणतोस ना ही माती?" ती म्हणाली. "मी सत्तरीची आहे. माझ्यानंतर कुणाकडे द्यायची?"

"ते वीस वर्षांनी बघू," काका म्हणाले. "तोवर तू इथंच आहेस."

बरणी पदराखाली घेऊन ताई आपल्या खोलीत गेली, आणि आतून बराच वेळ, बरणीला जागा करायला कपाट आवरल्याचा आवाज येत राहिला.